जुन्या पुस्तकांचं दुकान हवंच, पण गल्ल्यावर जाणकार बसवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांसाठी जुन्या पुस्तकांचं दुकान असावं का, यावर आपल्या पत्रस्तंभात चाललेली चर्चा वाचते आहे. नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ग्रंथालय आहे, मोबाइलवर सगळं मिळतं आणि जुनं पुस्तक म्हणजे जुनी आवृत्ती. माझी सगळी नोकरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, त्यातही बहुतेक देवघेव विभागात गेली. माझ्या मते दुकान हवं. फक्त ते ‘गरजू विद्यार्थ्यांची सोय’ या नावाखाली उघडू नये. दयेपोटी उघडलेल्या दुकानात लोक माळ्यावरची रद्दी आणून टाकतात आणि वर आभाराचं पत्र मागतात.

ग्रंथालयाचं आधी सांगते, कारण तो मुद्दा आमच्याच लोकांकडून जास्त येतो. एका क्रमिक पुस्तकाच्या प्रती ग्रंथालय घेऊन घेऊन किती घेणार? त्यातली एक संदर्भ विभागात, ती बाहेर जात नाही. उरलेल्या प्रती सगळ्यांना एकाच पंधरवड्यात हव्या असतात. ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचं १९३१ सालचं सूत्र आम्ही ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात पाठ केलेलं असतं. परीक्षा तोंडावर आली, की खिडकीपलीकडच्या मुलाला ते ऐकवायची हिंमत होत नाही. आणि प्रत मिळाली तरी ती ठरल्या तारखेला परत करायची, तिच्यात पेन्सिलची रेघसुद्धा मारायची नाही. संदर्भासाठी चाळायचं पुस्तक आणि वर्षभर उशाशी ठेवायचं पुस्तक या दोन वेगळ्या गरजा आहेत. दुसरी गरज ग्रंथालयाने भागवावी ही अपेक्षाच चूक आहे.

मग मुलं झेरॉक्स काढतात. अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स कायद्यात बसते की नाही, हा वाद बाजूला ठेवला, तरी त्या गठ्ठ्याला पुढे गिऱ्हाईक नसतं. सत्र संपलं की तो रद्दीत जातो. खरं पुस्तक चार-पाच जणांच्या हातांतून जाऊ शकतं.

मोबाइलच्या मुद्द्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण छापील पुस्तक विकत घेतलं, की ते पुढे कुणाला आणि कितीला विकायचं हा मालकाचा हक्क असतो. ई-पुस्तकाचं तसं नाही. अमेरिकेत एका प्रकाशकाने पुस्तकातच सूचना छापली होती, की अमुक किमतीच्या खाली ते विकता येणार नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली ती फेटाळली. त्याच देशात शिकायला गेलेल्या सुपाप किर्तसेंग या थाई विद्यार्थ्याने घरच्यांकरवी थायलंडमध्ये तीच क्रमिक पुस्तकं स्वस्तात घेऊन अमेरिकेत विकली. प्रकाशक कोर्टात गेला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. उलट एका डच संकेतस्थळाने वापरलेली ई-पुस्तकं विकायला काढली, तेव्हा युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं, की हक्कधारकाच्या परवानगीशिवाय हे चालणार नाही. म्हणजे ई-पुस्तकावर खर्च केलेल्या पैशातला एक पैसाही विद्यार्थ्याच्या हाती परत येत नाही. काही परदेशी प्रकाशक तर आता छापील पुस्तकासोबत एकदाच वापरता येणारा संकेतांक देतात. गृहपाठ आणि चाचण्या संकेतस्थळावर असतात, आणि त्या संकेतांकाशिवाय उघडत नाहीत. पहिल्या मालकाने तो वापरला, की पुढच्याला नुसतं पुस्तक उरतं.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करा, दुकान कशाला?’ असंही एका पत्रात आलं. असे ग्रुप असतात, आणि पुस्तकांचा व्यवहार तिथे का अडतो हेही मुलांना माहीत असतं. विकणारा वर्ष संपल्यावर विकतो, कारण त्याला खोली रिकामी करून गाडी पकडायची असते. घेणारा नवीन वर्षाच्या प्रवेशानंतर येतो. मधल्या काळात पुस्तक ठेवायचं कुठे? वसतिगृहाच्या जिन्याखाली शेवटच्या आठवड्यात जे ढीग पडतात ते याचमुळे. विकणारा आणि घेणारा एकमेकांना भेटतच नाहीत. तेवढा काळ पुस्तक नीट सांभाळून ठेवणारी जागा हवी, एवढ्यासाठीच मुळात या दुकानाची गरज आहे. वर्षभर रोज उघडं राहायचंही कारण नाही. सत्राच्या अखेरीला आणि सुरुवातीला दिवसभर, एरवी संध्याकाळी दोन तास पुरे.

आता आवृत्तीचं. इथे मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण दुकान तरेल की बुडेल ते यावर ठरेल.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत मुलांची सर्रास गल्लत होते. मुखपृष्ठ बदललेलं, साल ताजं, म्हणून पुस्तक नवीन समजून घेतात आणि आत अक्षर न् अक्षर जुनंच असतं. कधी याच्या उलट होतं. शीर्षकपानाच्या मागची बाजू वाचायची सवय असली तर फसगत होत नाही. नवी आवृत्ती निघाली की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, बदलतो, नुसतं पुनर्मुद्रण असेल तर तोच राहतो. तो जर दहाच आकडी दिसला, तर पुस्तक बहुधा २००७ च्या आधीचं, कारण त्या वर्षापासून तो तेरा आकडी झाला. बऱ्याच परदेशी पुस्तकांत त्याच पानावर तळाशी १० पासून १ पर्यंत आकड्यांची एक ओळ असते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कितवी छपाई ते. गल्ल्यावर बसणाऱ्याला हे पान दहा सेकंदांत वाचता आलं पाहिजे. तेवढंही येत नसेल तर त्याने वह्या-पेन विकावेत.

जुनी आवृत्ती म्हणजे टाकाऊ, हे सरसकट खरं नाही. विषय पाहावा लागतो. किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९ पासून बदलली. धातूच्या ठोकळ्याऐवजी ती प्लांकचा स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या राशीवर आली. त्याआधीचं पदार्थविज्ञानाचं पुस्तक त्यामुळे बाद होत नाही, त्या पानावर पेन्सिलने एक ओळ लिहिली की काम भागतं. आवर्तसारणीत २०१६ साली चार मूलद्रव्यांना नावं मिळाली. जुन्या पुस्तकात त्या जागी तात्पुरती नावं दिसतील, एवढंच. कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) पुस्तकात तर बहुतेक वेळा उदाहरणांचे क्रमांक तेवढे बदलतात, आणि गृहपाठ क्रमांकाने दिला जातो म्हणून मुलं अडतात. शिक्षकांनी दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक सांगितले तर निम्मी तक्रार मिटेल, पण ते सांगायला जुनं पुस्तक स्वतः उघडावं लागतं. करविषयक पुस्तकं, कायदा, औषधशास्त्र यांचं मात्र वेगळं आहे. तिथे जुनी आवृत्ती स्वस्तात घेणं महागात पडतं, आणि दुकानाने ती ठेवूच नये. मागणाऱ्याला स्पष्ट ‘नाही’ म्हणावं.

आधीच्या वाचकाच्या खुणांबद्दल लोक फार हळवेपणाने लिहितात. मी पाहिलेल्या संख्याशास्त्राच्या एका प्रतीत तीन शायांतली उत्तरं होती आणि तिन्ही एकमेकांशी जुळत नव्हती. अमेरिकेत १९९७ साली झालेल्या एका प्रयोगात दिसलं होतं, की मजकुरात चुकीच्या जागा आधीच रंगवलेल्या असतील तर वाचणाऱ्याचं आकलन घटतं, आणि आधी बजावून सांगितलं तरी फारसा उपयोग होत नाही. पेन्सिल खोडता येते, पिवळी शाई नाही. रंगवलेल्या प्रतीची किंमत कमीच लावावी.

चोरीच्या मालाविषयी कुणीच लिहिलेलं नाही, याचं मला नवल वाटलं. जुन्या पुस्तकांचं दुकान निघालं की ग्रंथालयाची आणि खोलीतल्या जोडीदाराची पुस्तकं तिथे येणारच. ग्रंथालयाचा शिक्का शीर्षकपानावर असतो, हे चोराला माहीत असतं. तो ते पान फाडतो. म्हणून ग्रंथालयं आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का आणि दाखल क्रमांक घालतात. त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. (कुठल्या ग्रंथालयाचं कुठलं, ते इथे लिहीत नाही.) दुकान चालवणाऱ्याला ते पान माहीत हवं. ग्रंथालयाने रीतसर निर्लेखन करून, म्हणजे आपल्या नोंदीतून कमी करून, काढलेल्या पुस्तकावर तसा शिक्का असतो, ते खुशाल विकावं. बाकी पुस्तक विकायला आणणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र पाहून वहीत नोंद झालीच पाहिजे.

पैशांचं गणित सोपं ठेवावं. दुकानाने पुस्तकं विकत घेऊ नयेत, ठेवून घ्यावीत. मालकाने किंमत सांगायची, आत चिठ्ठी लावायची, विकलं गेलं की ठरलेला हिस्सा कापून उरलेले पैसे त्याच्या खात्यावर. भांडवल अडकत नाही, आणि भलती किंमत लावणाऱ्याचं पुस्तक तसंच पडून राहतं, म्हणजे तो आपोआप शहाणा होतो. वर्षभरात न गेलेलं पुस्तक मालकाने न्यावं, नाहीतर दुकानाला त्याची विल्हेवाट लावायची मुभा असावी. ही अट पहिल्या दिवसापासून हवी. नाहीतर तिसऱ्या वर्षी पाय ठेवायला जागा उरणार नाही. चालवावं विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थेने, पण गल्ल्यावर एक पगारी आणि कायमचा माणूस असावा. विद्यार्थी दर वर्षी बदलतात आणि आवृत्त्यांची माहिती त्यांच्यासोबत निघून जाते.

जागा तळमजल्यावरची, कोरडी द्या. ओल लागलेल्या खोलीत एका पावसाळ्यात बाइंडिंग सुटतं, आणि कसर लागलेलं एक पुस्तक शेजारची अख्खी रांग बिघडवतं. आलेला प्रत्येक गठ्ठा आधी बाहेर उघडून झटकावा.

एक विनंती अभ्यास मंडळांना. कोणतं क्रमिक पुस्तक पुढच्या वर्षी बदलणार, हे आज मुलांना नवीन वर्षाचे तास सुरू झाल्यावर कळतं. तोवर जुनं पुस्तक कुणीतरी विकत घेऊन बसलेलं असतं. बदलणाऱ्या पुस्तकांची यादी सत्र संपण्याच्या महिनाभर आधी फलकावर लावा, आणि दुकान सुरू झालं तर तिची एक प्रत तिथेही पाठवा.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी