मूळ प्रत नसताना

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स
14 जानेवारी

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "चुका दुरुस्त करतेस, तर मूळ प्रत तुझ्याकडे असते का?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि उत्तर राहून गेलं. इतका नेमका प्रश्न मला इथे कुणी विचारलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

नसते. मूळ प्रत पाठवणाऱ्याकडेच राहते. आमच्या हाती येतं ते फक्त प्रूफ, तेही वाटेत खराब झालेलं. टॉवरकडून फोनकडे येणारा मजकूर म्हणजे 0 आणि 1 यांची लांबलचक ओळ. वाटेतल्या गोंगाटाने काही 0 चे 1 होतात, काही 1 चे 0. म्हणून पाठवणारा हिशेबाने थोडे जादा अंक जोडून देतो. समजा एक शब्द 128 अंकांचा. त्यातले 105 मजकुराचे, उरलेले 23 तपासणीचे. 'धन'चं 'घन' झालं तर डोळा फसतो, कारण दोन्ही शब्द खरे, असं तुम्ही प्रुफं तपासताना सांगायचात. आमच्या कोशात असे शेजारी शब्द ठेवतच नाहीत. एखादा अंक बदलला तर जे तयार होतं तो शब्दच नसतो. जादा अंक त्यासाठीच.

पण त्या कोशात शब्द किती? ती संख्या 32 अंकी आहे. आलेल्या प्रुफाला सगळ्यांत जवळचा शब्द कोणता, हे एकेक ताडून बघायला जन्म पुरणार नाही. म्हणून प्रत्येक प्रकारच्या कोशासाठी वेगळी युक्ती आणि वेगळं सर्किट बनत आलं. इथल्याच एमआयटीमध्ये रॉबर्ट गॅलेगर यांनी 1960 मध्ये प्रबंधात एक सुंदर पद्धत मांडली. अंक आणि त्यांच्या तपासण्या एकमेकांना आपला अंदाज कळवतात, पुन्हा सुधारून कळवतात, सगळं जुळेपर्यंत. तेव्हाच्या यंत्रांना ते झेपलं नाही आणि प्रबंध तीसेक वर्षं जवळपास विसरला गेला. नव्वदच्या दशकात डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी तो पुन्हा उजेडात आणला. आज 5जी फोनवर आईला माझा चेहरा दिसतो तो याच पद्धतीने सावरलेला असतो. मात्र प्रत्येक फेरीत स्मृतीतून वाचायचं आणि परत लिहायचं, आणि त्या ये-जा करण्यातच बॅटरी खर्च होते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. छापखान्यातली तुमची लांबट वही आठवते? कोणत्या कंपोझिटरच्या हातून काय चुकतं, याची नोंद. एकाच्या हातात 'भ'ऐवजी 'म'चा खिळा यायचा, दुसऱ्याची वेलांटी हमखास चुकायची. शब्द खटकला की कोश उघडण्याआधी तुम्ही त्याची नेहमीची चूक उलटवून बघायचात. एमआयटीच्या म्युरिएल मेदार आणि तेव्हा आयर्लंडमधल्या मेनूथ विद्यापीठात असलेले केन डफी यांनी नेमकं हेच केलं. शब्द शोधायचाच नाही, चूक शोधायची! त्या पद्धतीला ग्रँड म्हणतात. आधी धरायचं की चूक नाहीच. ते पटलं नाही तर एक अंक चुकला असेल: 128 शक्यता. मग दोन: 8,128. मग तीन: 3,41,376. प्रत्येक वेळी चूक उलटवून एवढंच विचारायचं, हा शब्द कोशात आहे का? सगळ्यांत संभाव्य चुकीपासून सुरुवात केलेली असते, म्हणून पहिला 'हो' येतो तेच उत्तर. आणि कोशाला फक्त हो-नाही विचारायचं असल्यामुळे एकच चिप कोणताही कोश वापरू शकते.

बोस्टन विद्यापीठातल्या राबिया याझिजिगिल यांच्यासोबत त्यांनी 2021 मध्ये अशी चिप दाखवली. तिच्यात तीन टप्पे आहेत, सोप्या चुका पहिल्यात, अवघड पुढे, आणि शब्दाला सुमारे एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, लागतो. माझं काम याच वाटेवरचं आहे. बहुतेक शब्द बिनचूक किंवा एकदोन चुकांचेच येतात, म्हणजे मागचे टप्पे बराच वेळ रिकामे. माझ्या पहिल्या आराखड्यात ते तरीही जागेच राहत होते, आणि वीज जात होती ती तिथे. सर्किटला ठोके देणारं एक घड्याळ असतं. आता काम नसेल तेव्हा मी त्या टप्प्यांचे ठोकेच बंद करते. आतले अंक हलले नाहीत की वीज फारच कमी लागते. हे सुचायला मला तीन आठवडे लागले, आणि आकडे उतरलेले पाहिले त्या रात्री मला झोप आली नाही.

अजून एक गोष्ट तुमचीच. शाई नीट न लागल्याने फिकट उठलेल्या अक्षरावर तुमचं बोट आधी जायचं. अँटेनाकडूनही तसं कळतं, हा अंक ठळक, हा पुसट. अंक पुसटपणाच्या क्रमाने लावून आधी तिथली चूक तपासली की फार कमी अंदाजांत काम होतं.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत अडते. शब्दात चुका खूप असतील तर अंदाज वाढत जातात, वेळ आणि वीज दोन्ही हाताबाहेर जातात. मोठ्या लांबीच्या, भरपूर जादा अंकांच्या शब्दांना गॅलेगर यांचीच पद्धत बरी. आपल्याला मग ठरवावं लागतं, इतके अंदाज झाले, आता पुरे, पाठवणाऱ्याला म्हणायचं पुन्हा पाठव. तुम्ही समासात प्रश्नचिन्ह काढून मजकूर लेखकाकडे परत पाठवायचात, तसंच. ही मर्यादा कुठे ठेवावी यावर सध्या माझी रोज वादावादी चालते. लवकर थांबलं तर सारखं परत मागवावं लागतं, उशिरा थांबलं तर सगळी बचत वाया.

तेव्हा मला हे कळवा: तुम्ही कितव्या अंदाजाला थांबत होता? की शब्दावर अवलंबून असायचं? वही अजून माळ्यावर असेल, तर काढताना स्वतः शिडीवर चढू नका, दादाला सांगा.

आईला म्हणावं, तिळगूळ पोचला, एकही वडी फुटलेली नाही.

तुमची,
वैशाली