सांगू की नको?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘तत्त्वज्ञान वाचून मिळतं काय, आणि माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करायची?’ असं तू विचारलंस. उत्तराला उशीर झाला, कारण एखादी व्याख्या पाठवून तुझी बोळवण करायची नव्हती. ‘फिलॉसॉफी’ हा ग्रीक शब्द, अर्थ ज्ञानावरचं प्रेम. आपला जुना शब्द ‘दर्शन’, पाहणे या अर्थाच्या ‘दृश्’ धातूवरून आलेला. मला हाच जवळचा वाटतो.

मागच्या वर्षीची ती रात्र आठव. रिपोर्ट तुझ्या हातात होता, शेजारच्या खोलीत बाबांना नुकता डोळा लागला होता आणि तू फोनवर दबक्या आवाजात विचारत होतास, ‘सांगू की नको?’ आधी म्हणालास, खोटं बोलणं वाईटच. मग म्हणालास, पण ऐकून ते खचले तर? आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, ‘आजार त्यांचा आहे. लपवणारा मी कोण?’

अरे, तीन वाक्यांत तू केवढा वाद उभा केलास! पहिलं वाक्य जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचं. १७९७ च्या एका निबंधात तो पार टोकाला गेला: मित्राच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन ‘तो कुठे आहे?’ विचारत असला, तरी खोटं बोलायचं नाही. मला हे आजही पटत नाही. पण का पटत नाही, हे स्वतःला धड सांगायला मला कित्येक दिवस लागले. दुसरं वाक्य इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या वाटेचं; त्याचं ‘उपयुक्ततावाद’ हे लेखन १८६१ चं. कृतीतून कोणाला किती सुख, किती दुःख, ते बघा. तिसऱ्या वाक्याने मात्र तू प्रश्नच फिरवलास. तोवर बाबा म्हणजे सांभाळायचा पेशंट होते, त्या क्षणी ते तुला स्वतःचे निर्णय घेणारा माणूस म्हणून दिसले. आणि माणसाला निव्वळ साधन म्हणून वागवू नये, हेही कांटचंच म्हणणं! दारातल्या उदाहरणावरून मी ज्याच्याशी भांडतो, तोच इथे माझ्या बाजूने उभा राहतो.

बरं, तो रिपोर्ट तरी तू खरा का मानलास? आजार तू डोळ्यांनी पाहिला नव्हतास. आपल्याकडचा जडवादी चार्वाक फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी जाणवलेलं, तेवढंच मानतो. नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे अनुयायी, प्रत्यक्षाबरोबर अनुमान (तर्काने काढलेला निष्कर्ष), उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द, अशी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं, मानतात. शब्द म्हणजे विश्वासू जाणकाराचं सांगणं. डॉक्टरांवर विसंबलास तेव्हा तू नैयायिकांच्या बाजूला होतास.

नोकरीत तत्त्वज्ञानाचा फायदा होईल का, मला सांगता येणार नाही. पण त्या रात्री दादा ‘नको सांगू’ म्हणाला म्हणून तू त्याला भित्रा म्हणालास. आज मला वाटतं, तो परिणामांचा विचार करत होता, आणि तुझ्याइतक्याच काळजीने.

म्हणून जाडजूड ग्रंथ एवढ्यात आणू नकोस. आधी दादाची बाजू लिहून पाठव, इतकी भक्कम की वाचून तो स्वतः म्हणेल, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ मग आपण तिच्याशी वाद घालू.

बाबांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र