बॉयलर साध्या सोल्डरने झाळू नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'घरच्या घरी वाफेचं इंजिन' वाचलं, पोरांना मोबाइल सोडून असलं काही करायला सांगताय म्हणून बरं वाटलं, पण त्यात पत्र्याचा डबा साध्या सोल्डरने झाळून बॉयलर करा म्हटलंय ते चुकलंय, आणि थोडंथोडकं नाही.

मी निवृत्त फिटर, देवगडजवळ राहतो. अंगणात ३२ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन पट्ट्यांत तेवढं अंतर असलेला, रूळ टाकलाय, नेरळ-माथेरानची दोन फुटी लाइन १९ पट लहान केली की तेवढीच येते. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाली तीच डिझेलवर, त्यामुळे आमच्या वाडीतल्या पोरांनी वाफेचं इंजिन पाहिलं ते माझंच!

तर कथिल-शिशाचं सोल्डर १८३ डिग्रीला मऊ पडायला लागतं. माझं इंजिन वाफेच्या ४० पीएसआय (पौंड दर चौरस इंच) दाबावर चालतं, तेव्हा आतलं पाणीच १४० च्या आसपास असतं. पाणी आहे तोवर निभतं, पण ते संपलं नि खाली स्पिरिटचा दिवा तसाच पेटता राहिला की सांधा सुटलाच म्हणून समजा. म्हणून तांब्याचा जाड पाइप घ्यायचा आणि सिल्व्हर रॉडने, म्हणजे चांदी मिसळलेल्या सळईने, झाळायचा, त्याला सहाशेच्या वर डिग्री लागतात. फ्रिज-एसीवाल्याकडे रॉड नि टॉर्च दोन्ही मिळतात, फक्त त्याला चहा पाजून बसवून घ्यावं लागतं.

जादा वाफ बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचं एका ओळीत उरकलंय, आणि टेस्टचा तर उल्लेखच नाही. बॉयलर गार पाण्याने गच्च भरायचा, आत हवा ठेवायची नाही, मग हातपंपाने दुप्पट म्हणजे ८० पर्यंत प्रेशर न्यायचं. माझ्या पहिल्या बॉयलरला ६५ लाच मागच्या झाकणाच्या कडेतून सुईसारखी चिळकांडी उडाली ती थेट चष्म्यावर. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फुटलं तरी तेवढ्यावरच राहतं. वाफ असती तर चष्मा पुसून भागलं नसतं.

आणि विहिरीचं पाणी घालू नका, आत क्षार बसतात, मी पागोळ्यांचं गाळून ठेवतो.

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावाला येतील, दोघातिघांनी तुमच्या लेखाचं कात्रण आत्ताच ठेवलंय, तेव्हा त्याच्या आत दुरुस्ती छापाच. तोवर इथल्यांना मी रूळ जोडायला बसवलंय.

– एक वाचक, ता. देवगड