बकुळीला नंबर

बॉस्टन,
रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फराळाचा डबा भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मिळाला. चकल्या धडधाकट आल्या. अनारसे थोडे मऊ पडलेत, पण चव तीच. रोज फोन होतोच, तरी आजचं सगळं फोनवर मावणार नाही म्हणून कागद घेऊन बसले. आई, तू हे आजीला मोठ्याने वाचून दाखव. बाबा, शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे, तो दोनदा वाचा.

आज आम्ही आर्नल्ड आर्बोरेटममध्ये गेलो होतो. आर्बोरेटम म्हणजे वृक्षांची बाग. राणीच्या बागेतून प्राणी वजा करा आणि ती आपल्या ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावर, चढावर नेऊन ठेवा, साधारण तशी. २८१ एकर आहे. फॉरेस्ट हिल्स स्टेशनला उतरलं की पायी जाता येतं. तिकीट नाही, आणि वर्षातले सगळे दिवस उघडी. इथे सध्या पानगळीचा भर आहे. आज तर तलावपाळीला दिवाळी पहाटेला असते तशी गर्दी होती. बाबागाड्या, कुत्री, काठी टेकत चालणारे आजी-आजोबा, गवतावर बसून चित्रं काढणारी कॉलेजची मुलं. तरी आवाज असा नाही. पायाखालच्या पानांचाच काय तो.

एका वळणावर तुमची नात थांबली आणि म्हणाली, "आई, कुणीतरी चिक्की करतंय!" खरंच, गुळाचा पाक गोळीबंद होत आला की येतो तोच वास. संक्रांतीला आजी मला कढईपाशी उभी करायची ना, तो. इकडेतिकडे पाहिलं, कुठे गाडी नाही, स्टॉल नाही. वास झाडाचा होता. कत्सुरा नावाचं जपान-चीनकडचं झाड आहे. पान पिवळं पडून गळायला लागलं की हा वास सुटतो. साखर तापून तांबूस होताना जे माल्टोल नावाचं द्रव्य तयार होतं, तेच या सुकत्या पानांत असतं. पान पिंपळासारखंच, फक्त लहान, आणि पिंपळाचं ते लांब टोक नाही. इथलं काही तोडायचं नाही, वेचून घरी न्यायचंही नाही असा नियम आहे. म्हणून बाकावर पडलेल्या एका पानावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. मागच्या बाजूला आहे बघा, शिरान् शीर उमटली आहे. वास तेवढा नाही पाठवता आला.

लाल रंगाचं तर काय लिहू? मेपलची झाडं आतून दिवा लावल्यासारखी दिसतात. पिवळा रंग पानात उन्हाळ्यापासूनच असतो म्हणे, हिरवा ओसरला की दिसायला लागतो. लाल मात्र झाड जाता जाता नव्याने तयार करतं. आपल्याकडे उलटं, नाही का? पिंपळाला चैत्रात कोवळी तांबूस पालवी फुटते, म्हणजे आपला लाल येण्याचा आणि इथला जाण्याचा. कुंडीतल्या झाडांचाही एक मांडव आहे, बोन्साय. नोव्हेंबर लागला की त्यांना थंड खोलीत हलवतात, म्हणून मुद्दाम आजच बघून घेतली. त्यातलं एक हिनोकी सायप्रस १७३७ पासून माणसांच्या हातात वाढतं आहे. बाबा, तुम्हाला आठवलं असेलच. त्याच वर्षी चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्या किल्ल्यात आज तुरुंग आहे, आणि हे झाड इथे माझ्या कमरेइतक्या उंचीवर हिरवंगार उभं आहे. पावणेतीनशेहून जास्त वर्षं रोज कुणीतरी त्याला पाणी घातलं असणार. हात जोडावेसे वाटले, जोडले.

आता मुद्दा. इथे प्रत्येक झाडाच्या अंगावर धातूची एक छोटी पट्टी असते, आपल्या लायब्ररीच्या पुस्तकावर असायचा तसा नंबर घातलेली. डॉन रेडवूड म्हणून उंच सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांचं झाड आहे, सूचिपर्णी असूनही थंडीत पानं गाळतं. आधी ते फक्त जीवाश्मांतूनच माहीत होतं, मग चीनमध्ये जिवंत सापडलं. या बागेने बी आणायला पैसे दिले आणि जानेवारी १९४८ मध्ये बी इथे पोचलं. त्या झाडांचा नंबर ५२४-४८. यातले ४८ म्हणजे साल. कुठून आलं, कधी रुजवलं, आज कसं आहे, सगळं त्या नंबरापाशी लिहून ठेवलेलं. आणि जमिनीचं म्हणाल तर बोस्टन शहर आणि हार्वर्ड विद्यापीठ यांच्यात १८८२ मध्ये करार झाला, भाडं वर्षाला एक डॉलर, मुदत एक हजार वर्षं! मी त्या झाडाखाली उभी राहून आपल्या बिल्डिंगच्या अ‍ॅग्रीमेंटचा विचार करत होते.

दादाने रिडेव्हलपमेंटचा जो प्लॅन पाठवला, तो मी मोठा करून पाहिला. कार्पेट एरिया आहे, बिल्डर देणार तो कॉर्पसचा पैसा आहे, पार्किंग आहे. आजोबांनी लावलेली बकुळ कुठेच नाही. तिच्या जागेवर रॅम्प दाखवलाय. बिल्डरने एकाही झाडाची खूण केलेली नाही, आणि कमिटीत कुणी विचारलंही नाही. बाबा, मला याचं फार वाईट वाटलं. त्या झाडाखाली आजी परकर पसरून आम्हाला फुलं वेचायला बसवायची. सुकलेल्या गजऱ्याचा वास कपाटात वर्षभर राहायचा. तो गजरा माझ्या पासपोर्टच्या पिशवीतून इथे आलाय, तुम्हाला ठाऊक नसेल.

बकुळ लावली ती बिल्डिंग उभी राहिली त्याच वर्षी, १९७४ ला. म्हणजे ५१ वर्षं झाली. महाराष्ट्रात झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष धरायचं ठरलं. असं झाड तोडायचं म्हटलं तर त्याचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायला लागतात, शिवाय परवानगी घ्यावी लागते ती वेगळी. म्हणून ९ तारखेच्या सोसायटीच्या जनरल बॉडी मीटिंगआधी एवढं करा. आवारातली सगळी झाडं एका वहीत उतरवा. बकुळ, कडुनिंब, जांभूळ, दोन नारळ, आणि मागच्या भिंतीतला उंबरसुद्धा. प्रत्येकाला नंबर द्या. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे तुमच्या छातीशी, बुंध्याचा घेर मोजा. आईच्या शिवणाच्या टेपने होईल. पहिल्या वास्तुपूजेच्या फोटोत आजोबांच्या हातात रोप आहे, त्याची झेरॉक्स वहीत चिकटवा. वयाचा तेवढा पुरावा आपल्याकडे आहे. यादी प्लॅनला जोडून मागा, लेखी. सह्या त्यानंतरच.

दादा म्हणेल, ही तिकडे बसून हुकूम सोडते. सोडते. आजीला विचारा ती कुणाच्या बाजूने आहे.

इथे आता पाचला अंधारायला लागेल. पुढच्या रविवारी घड्याळ तासाने मागे जाणार. नात झोपली आहे, मुठीत अजून ओकची फळं आहेत. नियम तिला अजून कळायचाय, उद्या परत नेऊन ठेवू. आई, गुडघ्याला तेल लावत जा. बकुळीचा घेर किती भरला ते मला फोटोसकट कळवा, टेप दिसला पाहिजे.

तुमची,
लेक