बिलावर लिहिलंय ‘पेट आयटम, १ नग’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्राचा विषय कोळी आहे. घरात जाळी करतो तो नव्हे, टॅरंट्युला, तळहाताहून थोडा लहान, केसाळ, काळ्या पायांवर केशरी गुडघे असलेला. हसू नका, मी पण आधी हसलोच होतो.

माझा मुलगा अकरावीला आहे. भाऊबीजेचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्यानं दिवाळीनंतर सांगलीतल्या एका पेट शॉपमधनं ३५०० रुपयाला हा प्राणी आणला. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण नंतर मी सांगली-मिरजेतली आणखी तीन दुकानं फिरलो आणि फरक फक्त बोर्डाचा होता. बायको म्हणाली हा राहील नाहीतर मी. आईचं माहेर शिराळ्याचं, ती म्हणाली आमच्या गावात नागपंचमीला जिवंत नागाची पूजा व्हायची, कोर्टात जाऊन ते थांबलं, तुम्ही कोळ्याला काय भिताय. त्यामुळं राहिला.

दुकानातल्या पोरानं सांगितलेलं सगळं मला पाठ आहे. “काय करायला लागत नाय काका, आठवड्याला घरातलं एक झुरळ टाकायचं, हातावर घेऊन फिरायचं, गरीब असतोय, दोन-तीन वर्षं जगतोय.” बरोबर १८०० रुपयाचा सेट पण दिला, म्हणजे माशांचा दीड फूट उंच काचेचा टँक, खाली निळे-गुलाबी खडे, पाण्याच्या वाटीत स्पंज, वर जाळीचं झाकण आणि एक पिवळा बल्ब.

यातली एकही गोष्ट बरोबर नव्हती. ही जात जमिनीत बीळ करून राहणारी, अंगानं जड, तिचं पोट म्हणजे पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं, ती काच चढून वर जाते आणि दीड फुटावरनं खड्यांवर पडली की पोट फुटतं आणि संपलं. टँक बुटका पाहिजे आणि खाली कोकोपीटचा जाड थर, कोकोपीट कुठल्याही नर्सरीत मिळतं. जाळीत पायाची नखं अडकतात. स्पंज नुसता कुजतो, कोळी सरळ वाटीतनंच पाणी पितो. बल्बनं हवा कोरडी होते, आणि सांगलीच्या हवेत बल्ब लावायची हौस कुणाला असते मला माहीत नाही. घरातलं झुरळ तर आधीच कुणाच्या तरी स्प्रेमधनं किंवा जेलमधनं जाऊन आलेलं असतं. आणि कहर म्हणजे दुकानात कोळ्यांच्या डब्यांच्या बरोब्बर वर डासांची लिक्विड मशीन चालू होती. डास मरतो त्या औषधानं कोळ्याला काय बाळसं येणार का?

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं, माझ्या मुलानं नंतर वाचून वाचून सांगितलं.

जानेवारीत कोळ्यानं खायचं बंद केलं. दुकानात फोन केला तर म्हणाले झुरळ आत सोडून ठेवा, भूक लागली की खाईल. दीड महिना असाच गेला. मग एका रात्री जेवण झाल्यावर बघतो तर कोळी उताणा, आठही पाय वर. परत फोन. दुकान बंद करायच्या घाईत होते बहुतेक. “मेला ओ काका, टाकून द्या, पुढच्या लॉटमधला निम्म्या किमतीत देतो.” मी तुमचाच जुना अंक खाली पसरला, सुपली घेतली, आणि मुलगा आतनं ओरडत आला, पप्पा हात लावू नका, कात टाकतोय तो.

मेलेल्या टॅरंट्युलाचे पाय पोटाखाली मुठीसारखे आवळलेले असतात, आणि कात टाकायची वेळ आली की तो स्वतः उताणा होतो. एवढी एक ओळ दुकानदाराला माहीत असती तर माझ्या हातात सुपली आली नसती. मुलानं आधी चिमट्यानं ते झुरळ बाहेर काढलं, कारण कात टाकताना अंग इतकं मऊ असतं की झुरळच कोळ्याला कुरतडून खातं. ज्याला खायला घालायचं तोच खाल्ला जातो, आणि दुकानाचा सल्ला काय, तर झुरळ सोडून ठेवा.

मग आम्ही तिघं (हो, बायको पण) खुर्च्या ओढून बसलो. आधी डोक्याकडचं टरफल डब्याच्या झाकणासारखं उचकटलं, मग एकेक पाय थोडा ओढायचा, थांबायचं, परत ओढायचा. पावसात भिजलेली जीन्स ज्यानं पायातनं सोलून काढलीय त्याला ते नीट कळेल. साडेबाराला सगळा बाहेर आला, फिकट, ओलसर, आणि सुळे पांढरे शुभ्र. ते सुळे पुढच्या काही दिवसात लाल आणि मग काळे झाले, तोपर्यंत खायला काही द्यायचं नसतं. शेजारी दुसरा एक रिकामा कोळी पडलेला, केसांसकट, सुळ्यांसकट. बायको म्हणाली हे जरा साडी बदलल्यासारखंच आहे, आणि तेव्हापासनं पाण्याची वाटी तीच भरते.

ती कात मुलानं डबीत ठेवली आणि ओळखीच्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना नेऊन दाखवली. कातीच्या आतल्या बाजूनं नर-मादी कळते. मादी निघाली. या जातीचा नर वयात आल्यावर फार टिकत नाही पण मादी २० वर्षांच्या पुढं सहज जाते. म्हणजे दुकानदाराचे “दोन-तीन वर्षं” गेले, मुलगा उद्या नोकरीला पुण्याला जाईल आणि ही इथंच राहील, माझ्या रिटायरमेंटनंतरही. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही, पत्र छापलंत तर कळेलच.

प्राध्यापकांनी दुसरा प्रश्न विचारला, नाव काय. मी म्हणलं मेक्सिकन. ते म्हणाले मेक्सिकन हे नाव नव्हे, पत्ता झाला. बिल काढलं, त्यावर ‘पेट आयटम, १ नग’. त्यांनी बघून सांगितलं की ही ब्रॅकीपेल्मा आहे, हे तिचं शास्त्रीय नाव. तेव्हापासनं माझं डोकं या नावावरच अडकलंय, कारण बाकीचं सगळं त्यावरनं ठरतं. अमेरिका खंडातल्या बऱ्याच टॅरंट्युला चिडल्या की पाठीमागचे बारीक केस पायानं उडवतात, ते डोळ्यात गेले की डॉक्टर गाठायला लागतो. आपल्याकडच्या टॅरंट्युलांना ते केस नसतात पण त्यांचा चावा जास्त जहाल. माणूस मेल्याचं कुठं नाही, पण पोइसिलोथेरिया ही आपल्याकडची झाडावरची टॅरंट्युला चावली तर स्नायूंना जे गोळे येतात त्यानं लोक हॉस्पिटलमध्ये गेलेत.

आणि हीच पोइसिलोथेरिया मी दुसऱ्या एका दुकानात बघितली, निदान मुलगा तरी छातीठोक तसंच म्हणाला. करडी, पांढऱ्या-काळ्या नक्षीची, चपटी. झाडाच्या ढोलीत राहणारा प्राणी, त्याला उभी साल लागते लपायला, आणि ठेवलेली पसरट डब्यात खड्यांवर. “इंडियन आहे, १२०० ला देतो.” बोलता बोलता झाकण काढून बोटानं ढोसली, पापणी लवायच्या आत ती झाकणाच्या आतल्या बाजूला होती आणि त्याचं बोट तिच्यापासनं इंचभर. कुठनं आणली विचारलं तर म्हणे वरनं माल येतो. वरनं म्हणजे कुठनं? सह्याद्रीच्या झाडांत पण या असतात आणि चांदोलीचं जंगल आपल्याच जिल्ह्यात आहे. मी आरोप करत नाही, पण बिलावर नावच नसेल तर विचारायचं कुणी आणि काय?

कायदा पण नावावरच चालतो. ब्रॅकीपेल्मा १९९५ पासनं साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहे, पोइसिलोथेरिया २०१९ मध्ये त्यात गेली. आपला वन्यजीव कायदा २०२२ ला सुधारला, २०२३ च्या एप्रिलपासनं लागू झाला, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे यादीतला असा प्राणी ज्याच्याकडं आहे त्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. दुकानात कुणी यातला एक शब्द बोललं नाही. आम्ही पण आधी चौकशी केली नाही, ती चूक आमची, आता उशिरा का होईना फॉर्म भरतोय. हा माल येतो कसा त्याचा एक नमुना २०२१ च्या जुलैत चेन्नईला कस्टमनं पकडला होता, पोलंडहून पोस्टानं आलेल्या पार्सलात १०७ जिवंत कोळी, एकेक प्लॅस्टिकच्या बारक्या कुपीत, चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळून.

पहिल्या दुकानातल्या पोरावर माझा राग नाही खरंतर. माशांचं विचारा, कुठल्या माशाला कसलं पाणी, कोण कुणाला खातो, झोपेत सांगेल. कोळ्याचं त्याला कुणी शिकवलंच नाही, मालकाला पण येत नाही, डबा आला की शोकेसला लावायचा. मग निदान एवढं तरी करा, बिलावर प्राण्याचं शास्त्रीय नाव, कुठनं आणला ते आणि शेवटची कात कधी टाकली याची तारीख लिहा. नाव लिहिता येत नसेल तर तो प्राणी विकायला ठेवू नका.

हे सांगायला मागच्या रविवारी मी परत त्याच दुकानात गेलो, फॉर्मसाठी नावासकट बिल पण पाहिजे होतं. मालक अगदी अदबीनं बोलला, चहा मागवला, बिलबुक उघडलं, पेन काढलं आणि म्हणाला, “नाव तुम्हीच सांगा काका, मी लिहितो.”

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली