एका चोरीने हुकलेले दुसरे स्थान

एडिसन, न्यू जर्सी
दसरा, 12 ऑक्टोबर 2024

चि. सोनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

हंगाम संपून बारा दिवस झाले आणि आपल्या फँटसी बेसबॉल संघाचा हिशेब लिहून पाठवीन असे मी तुला दिलेले वचन तसेच राहिले होते. आज सकाळी आपट्याच्या पानांऐवजी कागदाची पाने कापून तुझ्या आईने देवापुढे ठेवली, तेव्हा सोन्याच्या दिवशी तरी उधारी ठेवू नये असे वाटले, म्हणून लिहायला बसलो आहे.

आपण तिसरे आलो हे तू पाहिलेच असशील. खरे खेळाडू लिलावात घेऊन त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर खेळायचा हा कागदी खेळ; बारा संघ आणि सरासरी, चोरलेले बेस असे दहा रकाने, प्रत्येकात पहिल्याला बारा गुण, म्हणजे पूर्ण गुण 120. त्यांपैकी आपले 84.5 झाले आणि दुसऱ्या आलेल्या संघाचे 85. स्टीलच्या, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून चोरलेल्या बेसच्या, रकान्यात आपण आणि ते बरोबर 171 वर थांबलो, त्यामुळे तिथले गुण दोघांत निम्मे-निम्मे वाटले गेले. सहा महिन्यांत आपल्या कोणत्याही खेळाडूने आणखी एकच बेस चोरला असता, तर त्यांचा अर्धा गुण आपल्याकडे आला असता आणि क्रम उलटा झाला असता.

एवढ्या थोडक्यात हरल्यावर दोष द्यायला जागा पुष्कळ सापडतात. लिलावातल्या 260 डॉलरांपैकी 53 आपण एकट्या अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्यावर घातले, आणि त्यात चूक नव्हती, कारण आदल्या वर्षी 41 होमरन (मैदानाबाहेर मारलेले फटके) आणि 73 स्टील करणारा खेळाडू कोणीही घेतला असता. 26 मेचा तो रविवार तुला आठवत असेल. पिट्सबर्गमधला सामना होता आणि तू सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन बसली होतीस. पहिल्याच इनिंगमध्ये डबल मारून तो दुसऱ्या बेसवर गेला, तिसऱ्याकडे निघाला, मध्येच थबकून मागे वळला आणि खाली बसला. कोणाचा धक्का नाही की काही नाही. तू वरणभाताचा घास हातात तसाच धरून म्हणालीस, "बाबा, गुडघा." डाव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटल्याची बातमी नंतर आली, पण मला ती तुझ्या त्या एका शब्दात आधीच कळली होती. (2021 मध्ये उजवा गुडघा गेला होता.) 49 सामन्यांत 16 स्टील, आणि तिथेच त्याचा हंगाम संपला.

खापर आपला पिचर (चेंडू फेकणारा) ख्रिस सेल याच्या पाठीवरही फोडता येईल. शेवटच्या आठवड्यात हेलेन चक्रीवादळामुळे अटलांटातले दोन सामने पुढे ढकलले गेले आणि ते 30 सप्टेंबरच्या सोमवारी एकाच दिवशी खेळवले गेले. सेल तेव्हा पिचिंग करील या आशेवर मी कार्यालयात दिवसभर फोन उलटा-सुलटा करत होतो, पण पाठ आखडल्यामुळे तो उतरलाच नाही. तो उतरता तर स्ट्राइकआउटमध्ये (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) आपण कदाचित एक जागा वर गेलो असतो. परंतु ज्याला तू सात डॉलरांत घेतलेस त्याच्याविषयी तक्रार करायला माझी जीभ धजत नाही. "दुखापतींनी पिचलेला म्हातारा" असे मी त्याला लिलावाच्या रात्री म्हणालो होतो. त्याने 18 सामने जिंकून केवळ 3 हरले, 225 स्ट्राइकआउट घेतले, त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावरच्या धावा) 2.38 राहिला, आणि या तिन्ही बाबतींत तो नॅशनल लीगमध्ये पहिला आला. हे सात डॉलर संपूर्णपणे तुझ्या खाती जमा आहेत.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते सांगतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तू सांगलीला आजीकडे होतीस, तेव्हा मी ॲरिझोनाचा फलंदाज कॉर्बिन कॅरोल देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात एक क्लोजर (सामन्याच्या शेवटी आघाडी राखणारा पिचर) घेतला, ज्याचे नाव आपल्या घरात आता घेतले जात नाही. तुला मी फोनवर सांगितले की देकार मध्यरात्रीपर्यंतच होता आणि तू झोपली असशील म्हणून विचारले नाही. ते खरे नव्हते. इथे रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे तिथे सकाळचे साडेसात, आणि आजी तुला सहाला उठवते हे मला पक्के ठाऊक होते. विचारले असते तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून मी विचारले नाही.

तू का नाही म्हणाली असतीस तेही मला माहीत होते, कारण जूनमध्ये भांडी विसळताना तू ते सगळे मला समजावून सांगितले होतेस. तोवर कॅरोलचे होमरन एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, सरासरीकडे बघवत नव्हते, आणि मी लहानपणापासून सरासरी बघूनच फलंदाज जोखत आलो आहे. तुझे म्हणणे असे की सरासरी हा दहांपैकी एक रकाना आहे. कॅरोल चेंडू सोडून वॉक (न मारताच मिळणारा पहिला बेस) मिळवतो आहे, पाय शाबूत आहेत, आणि त्याच्यानंतर मारणारी माणसे चांगली आहेत, तेव्हा धावा आणि स्टील येत राहतील. ॲरिझोनाने या हंगामात सगळ्या संघांत सर्वाधिक धावा केल्या. कॅरोलची सरासरी शेवटपर्यंत .231 च राहिली, त्यामुळे तेवढ्यापुरता मी बरोबर होतो असे म्हणता येईल. मात्र त्याने 121 धावा, 22 होमरन आणि 35 स्टील केले, आणि होमरनांपैकी बहुतेक मी त्याला विकल्यानंतरचे आहेत. अकुन्या गेल्यावर आपल्याला ज्या एका गोष्टीची चणचण होती ती स्टीलची, आणि मी विकला तो पळणारा गडी. त्या क्लोजरने आपल्याला चार सेव्ह (राखलेले विजय) दिले आणि ऑगस्टमध्ये त्याची जागाच गेली. सेव्हच्या रकान्यात आपण तसूभरही हललो नाही.

या चुकीची किंमत मला 19 सप्टेंबरच्या संध्याकाळी गाडीत कळली. तू तेव्हा वसतिगृहात होतीस. त्या सकाळी स्टीलमध्ये आपण दुसऱ्या संघाच्या अकराने पुढे होतो आणि त्यांच्याकडे लॉस एंजेलिस डॉजर्सचा शोहेई ओहतानी होता, 48 होमरन आणि 49 स्टीलवर. मायामीतल्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये त्याने तिसरा बेस चोरला, दुसऱ्यात आणखी एक. मी न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनहून निघालो आणि नेवार्क, एलिझाबेथ, राहवे असे करत घरी येईपर्यंत पाहतो तो एक होमरन, मग पन्नासावा, आणि शेवटी पिचर संपले म्हणून चेंडू फेकायला उभ्या केलेल्या इनफिल्डरला मारलेला एक्कावन्नावा. सहापैकी सहा हिट, दहा आरबीआय (फटक्यांनी मिळवून दिलेल्या धावा). शेजारचा अनोळखी प्रवासी आनंदाने मला फोन दाखवत होता आणि मीही हसत होतो, कारण असा खेळ पुन्हा बघायला मिळेल की नाही कोण जाणे; पण मनात मात्र बेसच मोजत होतो. हंगामाअखेर ओहतानी 59 वर पोहोचला. म्हणजे त्या अकरांपैकी दहा त्याने एकट्याने फेडले.

आजी परवा विचारत होती की, "तुमचा संघ हरला म्हणजे तुम्ही नक्की केलंत तरी काय?" 1980 मध्ये डॅनियल ओक्रंट आणि त्याच्या मित्रांनी मॅनहॅटनमधल्या एका फ्रेंच खानावळीचे नाव देऊन हा खेळ सुरू केला, इतके सांगून मी विषय बदलला. खरे उत्तर तू तिला दे, जुलैच्या त्या सकाळसकट.

संघाच्या खात्याचा पासवर्ड मी बदलला आहे आणि नवा पासवर्ड फराळाच्या डब्यात, चकल्यांच्या पिशवीवर लिहून ठेवला आहे. डबा सोमवारी निघेल. मार्चच्या लिलावात कॅरोलसाठी किती डॉलरांपर्यंत जायचे तो आकडा तू ठरवून कळव. मला वाटते तीस, पण मला काय वाटते ते सोड.

तुझा,
बाबा