सहाशे लाख कोटी सूर्य, पण भिंगातून

मा. संपादक,
स.न.

कालच्या रविवार पुरवणीतला 'सहाशे लाख कोटी सूर्यांचा क्वेसार' हा लेख वाचला. विज्ञानाला अर्धे पान दिल्याबद्दल आभार. पण 2019 च्या जानेवारीत जाहीर झालेला हा क्वेसार (म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे, महाकाय कृष्णविवरामुळे तळपणारे केंद्र) तेवढा तेजस्वी दिसतो, आहे नव्हे. वाटेत एक अंधुक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा समूह, आहे. तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वळतो आणि क्वेसार आपल्याला सुमारे पन्नासपट उजळ दिसतो. हे भिंग वजा केले की उरतात साधारण 11 लाख कोटी सूर्य. ते काय थोडे झाले? पण लेखकमहाशयांना 600 सोडवेनात. भिंगाचा उल्लेख त्यांनी शेवटच्या ओळीत केला आहे, पंगत उठल्यावर मीठ वाढावे तसा.

खरी गंमत तर लेखातून निसटलीच. मधली दीर्घिका जरा उजळ असती, तर दोघांचा प्रकाश एकत्र मिसळून क्वेसारचा रंगच बदलला असता आणि रंगावरून क्वेसार हुडकणाऱ्यांनी त्याला यादीतून वगळले असते. असे किती वगळले गेले असतील, हा प्रश्न 600 च्या आकड्यापेक्षा मोठा नाही का?

अर्थात आपल्याकडून अपेक्षा तरी किती करावी! मागे याच सदरात मी जुळ्या क्वेसारवर पत्र लिहिले होते. 1979 साली वॉल्श, कार्सवेल आणि वायमन यांनी ओळखलेली ती जोडी म्हणजे एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा. एकीतला तेजाचा चढउतार दुसरीत 417 दिवसांनी दिसतो, कारण प्रकाशाच्या दोन वाटा सारख्या नाहीत. आपण छापलेत '417 वर्षे'. खाली माझे नाव! दुसऱ्या दिवशी भर मंडईत एका माजी विद्यार्थ्याने गाठले, ''सर, 1979 ला सापडला, मग 417 वर्षे मोजली कोणी?'' प्रश्न बिनतोड होता. हातात मेथीची जुडी घेऊन मी आपल्या मुद्रितशोधकांची वकिली करत उभा. कार्यालयात फोन केला तर ''जागा झाली की दुरुस्ती टाकू'' असे उत्तर मिळाले. जागा अजून झालेली नाही. पत्राची झेरॉक्स माझ्यापाशी आहे, त्यात 'दिवस' असे स्वच्छ लिहिले आहे.

लेखात क्वेसार शोधणाऱ्यांचे ॲरिझोना विद्यापीठ आहे, मुंबई नाही. त्याच 1979 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शशिकुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी, क्वेसारचे भाग प्रकाशाहून वेगाने दूर जाताना दिसतात तो गुरुत्वीय भिंगाचा खेळ असावा, असे मांडले होते. ते पुढे मान्य झाले नाही, पण मराठी पुरवणीत एक ओळ तरी?

आणि लेखासोबतचे निळे-केशरी चित्र 'हबल दुर्बिणीने टिपलेले' नाही, चित्रकाराने रंगवलेले आहे. तशी ओळ खाली टाकायला जागेची अडचण नसावी. त्याच पानावर फ्लॅटची जाहिरात मावली आहे.

– एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक, सातारा